सांबार, डांगर आणि जळका दाणा

आज आपण तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात उभे आहोत. सोळाव्या शतकात नायक राजांनी हा वाडा बांधायला घेतला. १६७६ मध्ये व्यंकोजीराजे, ज्यांना इथले लोक एकोजी म्हणतात, त्यांनी इथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती इथे नांदली. एका बाजूला कलादालनातल्या चोळकालीन मूर्ती आहेत, दुसऱ्या बाजूला सरस्वती महाल ग्रंथालय. आणि मधल्या मोकळ्या जागेत, तुम्ही महाराष्ट्रातून आला आहात हे कळलं की कुणी ना कुणी तुम्हाला एक गोष्ट सांगतोच.

गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. छत्रपती संभाजी महाराज तंजावूरला आले. मुदपाकखान्यात आमटी करायची होती, पण कोकणातून येणारी आमसुलं संपली होती. मग कुणीतरी चिंच घालायची शक्कल काढली, तुरीची डाळ घातली, आणि त्या नव्या आमटीला पाहुण्यांच्या नावावरून सांबार म्हणू लागले. आपल्याला ती ऐकून बरं वाटतं. अख्ख्या दक्षिणेच्या ताटात आपली एक वाटी आहे, असं वाटतं. या गोष्टीला त्या काळच्या कागदाचा आधार मात्र कुणी दाखवलेला नाही.

मी आज ती गोष्ट खोडून काढायला आलेलो नाही. मला तिच्या निमित्ताने एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. अमुक काळी अमुक ठिकाणी अमुक धान्य होतं, हे आपल्याला कळतं कसं? कोण ओळखतं, कशावरून ओळखतं, आणि त्या ओळखीवर किती भरवसा ठेवायचा?

हा प्रश्न मला चिकटण्याचं कारण माझी स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी छातीठोकपणे म्हणालो होतो की, महाराष्ट्रातला शेतकरी तीन हजार वर्षांपासून ज्वारीची भाकरी खातो आहे. टाळ्या पडल्या. नंतर एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, ज्वारी कुठल्या थरात सापडली आणि ती ज्वारीच आहे हे कुणी पाहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नामागे लागून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

जुन्या अन्नापर्यंत पोचायच्या दोन वाटा आहेत. एक कागदाची, दुसरी मातीची. तंजावूर ही कागदाची राजधानी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सरस्वती महालात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. संस्कृत सगळ्यांत जास्त, मग तमिळ, मराठी, तेलुगू. इथल्या दोन ग्रंथांची आज आपल्याला गरज आहे. पहिला 'भोजनकुतूहल'. हा संस्कृत ग्रंथ रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिला. एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा रघुनाथपंडितांना आश्रय होता. धान्यं, डाळी, भाज्या, फळं, शिजवलेले पदार्थ, त्यांचे गुणदोष असा त्याचा विस्तार आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा काळ आणि कर्ता यांवर काम केलं. जिलबीचा इतिहास शोधताना ते याच ग्रंथापर्यंत आले होते. दुसरा ग्रंथ 'शरभेंद्र पाकशास्त्र'. हा मराठी, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला, म्हणजे १७९८ ते १८३२ मधला. त्यात इंग्रजी पद्धतीचे पदार्थसुद्धा आहेत.

यांच्या जोडीला मोडीतली राजवाड्याची दफ्तरं आहेत. आणि वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बृहदीश्वराच्या भिंतींवर, राजराज चोळाच्या काळापासूनचे शिलालेख आहेत. मंदिराच्या ठेवीतला पैसा गावांना कर्जाने द्यायचा आणि त्याचं व्याज भाताच्या रूपात मापून घ्यायचं, असे व्यवहार त्यात कोरलेले आहेत.

एवढा कागद आणि एवढा दगड असताना मातीत कशाला हात घालायचा? कारण कागद आपल्याला नाव देतो. आणि नावं जागची हलतात.

याचा अनुभव मला इथेच आला. तंजावूरच्या एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं. या घरांतली मराठी तीन शतकं तमिळच्या शेजारी राहिलेली आहे. कानाला गोड लागते आणि मध्येच चकवते. घरच्या वयस्कर आजींनी पानात एक पांढरट कालवलेला पदार्थ वाढला आणि सांगितलं, ही डांगर पचडी. उडदाचं पीठ, दही, वर फोडणी. पुण्याकडच्या माणसाला ते लगेच कळतं, कारण त्याच्याकडेही डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचंच कालवण. पण माझ्याबरोबर मराठवाड्यातला एक मित्र होता. तो म्हणाला, "आजी, यात डांगर कुठंय?" त्याच्या गावी डांगर म्हणजे लाल भोपळा! आणि आमच्यात कुणी गुजराती असता तर त्याने भाताकडे बोट दाखवलं असतं, कारण गुजरातीत डांगर म्हणजे साळ, तुसासकटचा भात.

एक शब्द. उडीद, भोपळा आणि भात. तीन वनस्पती, तीन वेगळी कुळं. त्यातला लाल भोपळा तर मुळात अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर आलेला. समजा उद्या पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कागदात 'डांगर' हा शब्द सापडला, तर तुम्ही काय म्हणाल? तुम्ही कुठल्या जिल्ह्यातले आहात, त्यावर तुमचं उत्तर ठरेल. तो कागद काही बोलणार नाही.

आणि सांबाराचंच घ्या. नागपूरच्या भाजीबाजारात सांबार मागा, तुमच्या हातात कोथिंबिरीची जुडी पडेल. सांबारवडी म्हणजे तिथे कोथिंबिरीची वडी.

तमिळमध्येही तेच. तिथे 'वरगु' म्हणजे कोदो, कोकणातला हरीक. पण 'केळ्वरगु' म्हणजे नाचणी. आणि आपली वरी या दोन्हींपेक्षा वेगळी. कानाला तीनही शब्द भावंडं वाटतात, दाणे मात्र तीन वेगवेगळ्या गवतांचे. संस्कृत ग्रंथांतल्या धान्यनामांचे अर्थ लावतानासुद्धा टीकाकार आपल्या प्रांतातलं धान्य डोळ्यांपुढे ठेवतात. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे दाणा नव्हता.

आता मातीची वाट. तिच्यासाठी आपल्याला तंजावूर सोडून महाराष्ट्रात यावं लागेल, कारण तिथे बरोबर उलटी परिस्थिती आहे. तिथे दाणा आहे आणि नाव नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. घरं सापडली, धान्य साठवायच्या कणग्या-बळदांच्या जागा सापडल्या, चुली सापडल्या. आणि मातीत सापडले काळे, जळके दाणे. ते ओळखण्याचं काम डेक्कन कॉलेजच्या एम. डी. काजळे यांनी केलं. त्यातून दिसलं की इनामगावकरांचं मुख्य धान्य जव होतं. गहू होता, मसूर, कुळीथ, वाल, वाटाणा होता, बोरं होती. ही माणसं कोणती भाषा बोलत होती ते आपल्याला ठाऊक नाही. कुळथाला ते काय म्हणत, कधीच कळणार नाही. पण कुळीथ ते खात होते, एवढं नक्की.

आता पहिला साधा प्रश्न. तीन हजार वर्षं दाणा टिकला कसा? घरातल्या डब्यातल्या डाळीला पावसाळ्यात भुंगा लागतो, आणि हा टिकला?

टिकला, कारण तो जळला. पण पूर्ण नाही. पूर्ण जळला तर राख होते. चुलीतून एखादा दाणा निखाऱ्यात पडतो, वरून राख येते, हवा कमी मिळते आणि दाण्याचा कोळसा होतो. कोळशात कीड-बुरशीला खायला काही उरत नाही. आकार मात्र बराचसा राहतो. म्हणजे पुरातत्त्वाला जे मिळतं ते आजींच्या हातून सांडलेलं, करपलेलं, चुलीत गेलेलं. जे नीट शिजून पोटात गेलं त्याचा असा पुरावा उरत नाही. त्यामुळे यादी नेहमी एकांगी असते. ज्याला भाजावं लागतं, चुलीजवळ वाळवावं लागतं, ते धान्य जास्त दिसतं. पालेभाजी जवळजवळ दिसतच नाही. तेलबिया आगीत फुटतात, विस्कटतात. म्हणून 'यादीत नाही' याचा अर्थ 'खात नव्हते' असा लगेच करायचा नसतो.

दुसरा प्रश्न, हे दाणे मातीतून काढायचे कसे? नुसत्या डोळ्यांनी फार थोडे दिसतात. युक्ती अगदी घरगुती आहे. थरातली माती मोजून घ्यायची, बादलीभर पाण्यात सोडायची आणि हलक्या हाताने ढवळायची. माती-खडे खाली बसतात, कोळसा हलका म्हणून वर तरंगतो. ते वरचं पाणी अगदी बारीक जाळीतून गाळायचं. जाळीची छिद्रं अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान. नाहीतर राळा-वरीचे दाणे निसटून जातात आणि मग आपण म्हणतो, इथे भरड धान्यं नव्हतीच. जाळीवर राहिलेलं सावलीत वाळवायचं. उन्हात झटकन वाळलं तर दाणा तडकतो. जगभरच्या उत्खननांत ही पद्धत १९६० च्या दशकापासून रुळत गेली. त्याआधीच्या कित्येक खोदकामांत हे दाणे मातीच्या ढिगाबरोबर फेकले गेले आहेत.

आणि मग तिसरा, आजचा खरा प्रश्न. हा दाणा कशाचा?

मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली असे दाणे पाहायला मिळाले, तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे? जन्मभर आपण डाळी निवडत आलो आहोत. समोर एक काळा दाणा ठेवला होता. मी म्हणालो, मूग. दाखवणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, कशावरून? तेव्हा लक्षात आलं की आपण मूग ओळखतो तो रंगावरून. उडीदही रंगावरूनच. दोन्ही काळे झाले की आपलं ज्ञान संपलं. आकारावर जावं, तर जळताना दाणा आकसतो, फुगतो, लांबीला कमी होतो.

मग काय पाहायचं? शेंगेला दाणा जिथे चिकटलेला असतो, तिथे एक व्रण राहतो. त्याला नाभी म्हणू. उडदाच्या नाभीभोवती उठावदार कड असते, मुगाची नाभी पृष्ठभागाच्या सपाटीत असते. वालाच्या नाभीवर लांबट कड असते. पांढरी रेघ म्हणून आपण ती रोज पाहतो. कुळीथ चपटा, मूत्रपिंडाच्या आकाराचा. पण जळक्या दाण्याचं साल बहुधा गळून गेलेलं असतं, आणि सालाबरोबर नाभीही जाते. उरते नुसती डाळ, अर्धा दाणा. मग डाळीच्या आतल्या बाजूला कोंबाची खूण कुठवर गेली आहे ते मोजतात. तेवढंही नसेल, तर प्रामाणिक अभ्यासक 'मूग किंवा उडीद' असं लिहून थांबतो.

धान्यांचंही तसंच. जवाचा दाणा मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. सहा रांगांच्या जवात कडेचे दाणे जरा पिळलेले असतात. सरळ दाणे आणि पिळलेले दाणे यांचं प्रमाण एकास दोन आलं, तर जव सहा रांगांचा होता असं म्हणता येतं. गहू ओळखताना दाण्यापेक्षा ओंबीचे तुटलेले सांधे जास्त बोलतात. भाताच्या तुसावर चौकटीचौकटींची बारीक नक्षी असते. ती मडक्याच्या मातीत उमटलेली असली तरी ओळखू येते.

हे सगळं ताडून पाहायला समोर आजच्या दाण्यांचा संग्रह लागतो. नुसत्या पिकांचा नाही, तणांचाही. आणि ते दाणे स्वतः जाळून ठेवावे लागतात, कारण तुलना जळक्याशी जळक्याची व्हायला हवी. वनस्पतिशास्त्रज्ञ नावाआधी 'सीएफ' अशी दोन अक्षरं लिहितात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'ताडून पाहा'. म्हणजे 'याच्यासारखा दिसतो, पण मी शपथ घेणार नाही'. ही दोन अक्षरं मोठी मोलाची आहेत, कारण इतिहासाच्या पुस्तकात जाता जाता ती गळून पडतात. तज्ज्ञाच्या अहवालात 'नाचणीसारखा' असतो, सारांशात 'नाचणी' होतो आणि माझ्यासारख्याच्या व्याख्यानात 'तीन हजार वर्षांची परंपरा' होतो.

नाचणीचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेची. ज्वारी आणि बाजरीही आफ्रिकेच्याच. त्यामुळे भारतात यांचा जुना दाणा सापडणं ही मोठी बातमी असते. तो दाणा सांगतो की तेवढ्या जुन्या काळी आफ्रिका आणि भारत यांच्यात पिकांची ये-जा होती. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले विष्णु-मित्रे हे या क्षेत्रातले आपल्याकडचे अग्रणी. नर्मदाकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोलीचे दाणे त्यांनी अभ्यासले आणि कर्नाटकातल्या हल्लूर इथून नाचणीची नोंद केली. नंतर देशात बऱ्याच ठिकाणांहून अशा नोंदी येत गेल्या. २००३ मध्ये लंडनच्या डॉरियन फुलर यांनी या साऱ्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांचं म्हणणं पडलं की, नाचणी म्हणून छापलेल्या कित्येक छायाचित्रांत नाचणी नाहीच, इथल्याच बारीक भरड धान्यांचे दाणे आहेत. नाचणीच्या दाण्याचं वरचं आवरण कागदासारखं सुटं असतं आणि खालचा पृष्ठभाग खरबरीत. ते पाहिल्याशिवाय नुसत्या गोल आणि बारीक दाण्याला नाचणी म्हणता येत नाही.

मग ती इथलीच धान्यं कोणती? फुलर, रवी कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांची माती पाण्यात घालून पाहिली. तिथे सतत भेटले कुळीथ, मूग आणि दोन बारीक तृणधान्यं. एक कन्नडमधलं कोरले, दुसरं राळ्याच्या कुळातलं, चालताना कपड्याला चिकटणारं गवत. म्हणजे एका चुकीच्या ओळखीने दोन अन्याय झाले होते. आफ्रिकेचा संबंध नको तितका मागे गेला, आणि दख्खनच्या माणसांनी स्वतः माणसाळवलेली धान्यं झाकली गेली. माझी ज्वारीची भाकरी याच जातीची होती. ताम्रपाषाणयुगातल्या ज्वारीच्या नोंदींवर एकमत नाही. इनामगावच्या ताटाबद्दल भरवशाने सांगायचं, तर जवाबद्दल सांगता येतं.

गंमत पाहा, नाचणीच्या शास्त्रीय नावातला 'कोराकाना' हा भाग सिंहली 'कुरक्कन'वरून आलेला आहे. नाव श्रीलंकेचं, दाणा आफ्रिकेचा, भाकरी कोकणाची.

दाणा ओळखला तरी एक अडचण उरते. तो त्या थरातलाच आहे का? आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते. वरचा दाणा भेगेतून खाली जातो. उंदीर नेतात, मुंग्या नेतात. न जळलेला असेल तर तो नवा आहे हे कळतं. पण शेतात पाचट जाळलं असेल आणि त्यातला जळका दाणा खाली गेला असेल तर? यावर इलाज म्हणजे थरातल्या कोळशाचं वय न काढता त्याच एका दाण्याचं काढायचं. नव्या रेडिओकार्बन पद्धतीला एक दाणाही पुरतो.

याचं वजन किती असू शकतं, ते तमिळनाडूतच दिसतं. पळणीजवळच्या पोरुंदल इथे २००९-१० मध्ये के. राजन यांच्या उत्खननात एका दफनात चार पायांचं मडकं मिळालं, त्यात सुमारे दोन किलो भात. त्याच दफनात तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेली मडक्याची बैठक होती. भाताचा काळ आला इसवी सनापूर्वी ४९०. म्हणजे दाण्याच्या वयावर अक्षरांचं वय ठरू लागलं आणि मोठा वाद सुरू झाला. तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या शिवगळै इथल्या दफनकुंभातल्या भाताचा काळ इसवी सनापूर्वी ११५५ आला. २०२१ मध्ये तो तमिळनाडूच्या विधानसभेत जाहीर केला गेला. एका मुठीतल्या तुसाला विधानसभेपर्यंत जाताना पाहिलं की, ओळख बारकाईने का करायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता परत वाड्यात येऊ आणि सांबाराची वाटी मातीच्या वाटेने तपासू.

तूर. तिचा रानटी भाऊबंद ओडिशा, बस्तर आणि उत्तर आंध्रच्या भागात वाढतो, म्हणून ती तिकडेच माणसाळली असं मानतात. ओडिशातल्या गोपालपूर आणि गोलबाई सासन इथे तिचे जुने दाणे मिळाले आहेत. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीहून काजळे यांनी तिची नोंद केली. भोकरदनच्या सातवाहनकालीन थरांतही ती आहे. म्हणजे संभाजी महाराजांच्या आधी अडीच हजारांहून अधिक वर्षं तूर महाराष्ट्रात पोचलेली होती.

चिंच. अरबी नावाचा अर्थ 'हिंदी खजूर'. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तिचं मूळ आफ्रिकेत पाहतात. पण ती इथे आली फार पूर्वी. उत्तर प्रदेशात नरहनच्या ताम्रपाषाणयुगीन थरांतल्या कोळशात सारस्वत यांना चिंचेचं लाकूड ओळखता आलं. लाकडाचा कोळसा आडवा-उभा तोडून त्यातल्या नलिकांची मांडणी पाहिली की झाड कळतं. तेव्हा तंजावूरच्या मुदपाकखान्यात चिंच ही काही शक्कल नव्हती. ती तिथली रोजचीच आंबट.

मिरची. ती अमेरिकेची. १४९८ मध्ये वास्को द गामा आल्यानंतर पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती आपल्याकडे पसरली. म्हणजे लाल मिरचीचं सांबार त्याआधी असूच शकत नाही.

यावरून गोष्ट खरी ठरते का? नाही. खोटी ठरते का? तेही नाही. १६८० च्या दशकात तूर, चिंच आणि मिरची तिन्ही तंजावूरला असायला हरकत नव्हती, एवढंच माती सांगते. कोण जेवायला बसलं होतं, ते तिला विचारू नये. ते कागदाला विचारायचं, आणि कागद गप्प आहे. पुराव्याला त्याच्या आवाक्यातला प्रश्न विचारणं ही इतिहासातली अर्धी लढाई आहे.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. महाराष्ट्रात इनामगावला दाणा आहे, नाव नाही. सरस्वती महालात नावं आहेत, दाणा नाही. पण या वाड्यात शेकडो माणसांचा स्वयंपाक दोन-अडीचशे वर्षं रोज होत होता. चुलींची राख कुठेतरी टाकली जात होती. असं जुनं आवार दुरुस्त करताना, नळ घालताना, फरशी उचलताना राखेचा काळा थर लागला, तर आपल्याकडे तो बहुधा कचरा म्हणून ट्रॅक्टरमध्ये भरला जातो. हे तंजावूरलाच नाही, तुमच्या गावच्या वाड्यातही होतं, माझ्या आजोळच्या वाड्यातही झालं. तो थर बादलीभर पाण्यात घालून गाळला, तर 'भोजनकुतूहल'मधलं नाव आणि चुलीतला दाणा पहिल्यांदा शेजारी ठेवून पाहता येतील. रघुनाथपंडित ज्याला जे म्हणत होते, तेच आपण समजतो का, ते कळेल.

म्हणून विनंती. तुमच्या गावात जुनी गढी, वाडा, पांढरीची टेकाडं खणली जात असतील आणि काळी राख दिसली, तर स्वतः उकरू नका, दाणे खिशात घालू नका. जागेचा फोटो काढा, खोली मोजा, काम जरा थांबवता आलं तर थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. जागेवरून उचललेला दाणा सुंदर असतो, पण मुका होतो.

त्या दिवशी जेवताना आजींनी विचारलं होतं, "सांबार आपलंच ना?" मी म्हणालो, "आजी, डाळ पूर्वेची, चिंच आफ्रिकेची, मिरची अमेरिकेची. आणि वाढलंत तुम्ही." त्यांनी आणखी एक वाटी ओतली आणि माझ्या मराठवाड्यातल्या मित्राला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझं डांगर घेऊन ये, बघू काय ते."